आतोबांनी पाहिलेली घरं

सोलापुरात भाड्याला निघालेलं किंवा विकायला काढलेलं असं एकही घर नव्हतं की जे आमच्या आतोबांनी आतून पाहिलं नाही, आणि त्यांतलं एकही असं नव्हतं की जे त्यांना पसंत पडलं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रविवार उजाडला की गावातली बाकीची माणसं कुणी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जात, कुणी तळ्याच्या काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढत. कुणी नाटकांच्या नादापायी राहतं घर विकायला काढी, आणि आतोबा ते घर बघायला जात. ते सडपातळ, काळेसावळे, थोडे पुढे वाकून चालणारे होते. दारातून आत शिरताना त्यांची मान आपोआप आणखी खाली जाई. उंबऱ्यावरच्या चौकटीवर विश्वास ठेवू नये, असं त्यांचं मत होतं.

नोकरीने ते दस्त नोंदणीच्या कचेरीत नक्कल-कारकून होते. खरेदीखतं, गहाणखतं, भाडेचिठ्ठ्या, भावाभावांची वाटणीपत्रं यांच्या नकला करता करता त्यांचे केस पिकले. त्यांच्यापर्यंत घराची गोष्ट पोचे ती भांडण झाल्यावर, नाहीतर व्हायच्या आधी. मधला सुखाचा काळ कुणी कचेरीत नोंदवायला येत नाही. त्यामुळे घर म्हटलं की त्यात कुठेतरी एखादा हिस्सेदार दडून बसलेला असणार, ही त्यांची पक्की खात्री होती. कागदांची भाषा त्यांच्या तोंडी इतकी बसली होती की एका लग्नात मी पंगतीत त्यांना शोधत असताना त्यांनी लांबूनच ओरडून पत्ता सांगितला, "पूर्वेस व्याही, पश्चिमेस ताकाची घागर, दक्षिणेस भिंत, उत्तरेस वाढप्यांची वहिवाट. ये, मधे बस."

आणि हा माणूस स्वतः राहत होता भाड्याच्या दोन खोल्यांत. साखर पेठेत राजव्वा नावाच्या पद्मसाळी विधवेचं एक माळवदी घर होतं. खाली तिचे हातमाग, वर माडीवर आतोबा. खोल्या लग्न झाल्यावर तात्पुरत्या म्हणून घेतल्या होत्या. मी बार्शीहून सोलापूरला शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा आतोबांचा थोरला मुलगा पुण्याला कॉलेजात शिकत होता, आणि मुक्काम अजून तात्पुरताच होता. "दिवाळीला हलायचंच आहे," म्हणून भिंतीला खिळा मारायची बंदी होती. आत्याची लग्नातली पितळी भांडी गोणपाटात बांधून कोपऱ्यात उभी होती, आणि चार पाहुणे आले की ती खाली जाऊन राजव्वाकडून तपेली उसनी आणी. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं की आतोबा टोपी घालून, उपरणं घेऊन, रीतसर जिना उतरत आणि मागावर बसलेल्या राजव्वापुढे उभे राहून सांगत, "राजव्वा, गळतंय." धोटा न थांबवता ती म्हणे, "गळतंय की सायेब. पाऊस हाय न्हवं." एवढं ऐकून आतोबांचं समाधान होई. ते वर येत आणि पातेली हलवून ठेवत. तक्रार नोंदवली गेली, यातच त्यांना मालकाचं कर्तव्य संपल्यासारखं वाटे.

घर बघायला जायची त्यांची सामग्री ठरलेली होती. खिशात एक काचेची गोटी असे. ती ते माजघराच्या मधोमध अलगद ठेवीत आणि ती ज्या बाजूला धावेल त्या बाजूला घर खचतंय असा निकाल देत. गाठी मारलेली एक सुतळी असे, ती भिंतीला लावून पाहत. आणि एका पुरचुंडीत मूठभर तुरीची डाळ असे. सोलापुरातल्या कित्येक आडांचं पाणी जड, त्यात डाळ शिजता शिजत नाही, हे खरंच आहे. पण म्हणून अनोळखी घरात शिरून, घरधनिणीच्या हातावर डाळ ठेवून, "आपल्या आडाच्या पाण्यात एवढी जरा शिजवून दाखवता का," असं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मंगळवार पेठेतल्या एका भुसार व्यापाऱ्याकडे मी त्यांच्याबरोबर होतो. त्या बाई कानडी मुलखातल्या, बोलायला गोड. त्यांनी न रागावता डाळ चुलीवर चढवली. डाळ काही शिजेना. ती शिजेपर्यंत पाहुण्यांना ताटकळत कसं ठेवायचं म्हणून त्यांनी ज्वारीच्या भाकरी थापल्या, शेंगांची चटणी काढली, दही आणलं. रविवारी आतोबांना कुणाच्याही घरचं अन्न चालत असे. ते पोटभर जेवले, बाईंच्या हाताची तोंडभरून स्तुती केली, आणि हात धुता धुता व्यापाऱ्याला म्हणाले की घर नापसंत आहे, पाणी वाईट आहे आणि पश्चिमेची भिंत सामायिक आहे. बायकोच्या हाताच्या स्तुतीने व्यापारी खूश झाला, आणि त्याने घर विकायचा विचारच सोडून दिला. असल्या पाण्याचं घर दुसरं कोण घेणार, असं त्याला वाटलं असावं. पुढे दर संक्रांतीला त्यांच्याकडून आतोबांकडे शेंगांच्या पोळ्या येत.

मलाही बिऱ्हाड हवं होतं. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते, बायको बार्शीलाच होती, आणि दोन खोल्या मिळाल्या की तिला आणायची असा बेत होता. आतोबांनी हे काम मोठ्या उत्साहाने अंगावर घेतलं. एका घराची मोरी उत्तरेला होती म्हणून गेलं. एका घराच्या जिन्याची शेवटची पायरी बुटकी होती. एका घराचा मालक फार गोड बोलत होता, आणि गोड बोलणारा मालक भाडं वाढवतो. दुसऱ्या घराचा मालक बोलतच नव्हता, आणि न बोलणारा मालक खोल्या सोडायची नोटीस वकिलाकडून पाठवतो. बाळीवेशीजवळची एक जागा मला मनापासून आवडली. तिथे आतोबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी सुरू केली, आणि ती इतकी खोलवर नेली की दोन शेजाऱ्यांचं जुनं भांडण पुन्हा उकरलं गेलं. आम्ही निघालो तेव्हा ते हमरीतुमरीवर आले होते. "बघितलंस?" आतोबा मला म्हणाले, "शेजार कसा आहे ते आत्ताच कळलं, बरं झालं." शेवटी बायकोचं निर्वाणीचं पत्र आलं, तेव्हा आत्यानेच मला शाळेजवळच्या दोन खोल्या मिळवून दिल्या. आतोबा बघायला आले. "घेतल्याच आहेस तर आता मी काही बोलत नाही," म्हणाले, आणि तिन्हीसांजेपर्यंत बोलत होते.

गावातले लोक मात्र त्यांच्याकडे सल्ल्याला येत. घर भाड्याचं बरं की मालकीचं? कर्ज काढावं की थांबावं? इसार दिल्यावर व्यवहार फिसकटला तर काय? गिरणीत माणसं भरणारे जॉबर येत, वकिलांचे कारकून येत, एकदा तर आमचे हेडमास्तर आले. आतोबांची रीत अशी की येणाऱ्याचं मन ज्या बाजूला झुकलं असेल त्याच्या उलट बाजूला ते बसत. भाडेकरूला सांगत की भाडं म्हणजे भोकाच्या घागरीत ओतलेलं पाणी. मालकाला सांगत की घर म्हणजे पायात घातलेली बेडी, उद्या बदली झाली तर काय डोक्यावर घेऊन जाणार? कर्जाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "कर्ज म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा. आपल्याबरोबर जेवतो, आपल्या आधी झोपतो, पण सकाळी उठून गावाला काही जात नाही." हेडमास्तर आले होते ते घर घ्यायचं नक्की करून. गेले ते आहे तेच बिऱ्हाड सोडावं की काय अशा विचारात. आत्या आतून हे सगळं ऐकत असे. एकदा मला हळूच म्हणाली, "यांच्या सल्ल्याने आजवर कुणाचं घर झालं नाही रे. पण कुणी बुडालंही नाही, हे म्हणायला हवं."

अशी वर्षं चालली होती आणि मग राजव्वाने घर विकायला काढलं.

तिचा मुलगा भिवंडीला मागांच्या कारखान्यात लागला होता आणि आईला तिकडे बोलावत होता. तिची नजर अधू झाली होती, धागा तुटलेला दिसत नव्हता. ती जिना चढून वर आली. एवढ्या वर्षांत ती कधी वर आली नव्हती. दारातच बसून तिने सांगितलं की सायेब, तुमाला घरातलं समदं कळतं, तर गिऱ्हाईक तुमीच बघा, मला हितलं कागदाचं कायबी कळत न्हाय. आत्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. आतोबा मात्र क्षणभर फुललेच. ज्या कामाची ते आयुष्यभर तयारी करत होते ते त्यांना कुणीतरी आपणहून सोपवलं होतं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिला आला तो सुताचा व्यापारी. आतोबांनी त्याला घर दाखवलं म्हणजे काय, घराची चिरफाड केली. माळवद कुठे कुठे गळतं, कोणत्या तुळईत वाळवी आहे, शेजाऱ्याची पन्हळ आपल्या भिंतीवर कशी सांडते, उन्हाळ्यात आड कधी आटतो. व्यापारी अर्ध्या जिन्यावरूनच परत गेला. दुसरा एक पेन्शनर होता, त्याला आतोबांनी जिन्याकडे बोट दाखवून विचारलं की गुडघे कसे आहेत. तिसऱ्याला म्हणाले की बाकी सगळं ठीक आहे, फक्त दुपारी वरच्या खोलीत माणूस भाजून निघतो. घराची बातमी पेठेत पसरली आणि गिऱ्हाइकं यायचीच थांबली. आत्याला वेगळाच संशय होता. आपल्याला हलावं लागू नये म्हणून हे मुद्दाम चाललंय, असं तिला वाटे. तिने तसं विचारलंही. आतोबांना खरोखर वाईट वाटलं. घर विकणाऱ्याने दोष लपवले तर पुढे कोर्टात काय होतं याची त्यांनी तिला चार उदाहरणं दिली. ते खोटं बोलत नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांना घराकडे बघायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

मग एका रविवारी राजव्वा पुन्हा वर आली. मी तिथेच होतो. या खेपेला ती बसली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, येक इचारते. माझं घर लई वाईट हाय का?"



"माझ्या धन्यानं बांदलंय वो," ती म्हणाली. "त्यो आन मी, दोगांनी माती तुडवली. तुमी समद्यास्नी सांगता, ती आयकते मी खालनं. असंल वाईट. पर तुमी हितं ऱ्हायला न्हवं येवडी वर्सं?"

ती जिना उतरून गेली. खालचा माग त्या दिवशी बंदच होता, त्यामुळे तिचं पाऊल न् पाऊल ऐकू आलं.  एकाएकी आतोबांनी खिशातून गोटी काढली. मला वाटतं, सबंध सोलापुरात तेवढं एकच घर त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी गोटी खोलीच्या मधोमध ठेवली. ती थेट पूर्वेच्या भिंतीकडे धावली, भिंतीखालच्या फटीत गेली ती गेलीच. सुतळी लावली तर कोपऱ्यातली एक भिंत सरळ दुसरीच्या अंगावर झुकलेली. खालच्या आडाचं पाणी आणवून त्यांनी आत्याला डाळ शिजवायला सांगितली. आत्या म्हणाली, "मी या पाण्यात रोज डाळ शिजवते. सकाळी भिजत घालते, सोडा घालते आणि देवाचं नाव घेते. तुम्ही रोज जेवता." आतोबा हळूच खाली बसले. एकही कसोटी अशी नव्हती की जिला ते घर उतरलं. एवढं नापास घर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यावर त्यांनी टोपी घातली, उपरणं घेतलं आणि ते खाली गेले. मी आणि आत्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ऐकत होतो. ते म्हणाले, "राजव्वा, घर मी घेतो."  आणि पाठोपाठ घाईघाईने सांगू लागले, "याचे दोष मला सगळे ठाऊक झालेत. आता दुसऱ्या घराचे नव्याने कोण शोधत बसणार?" आत्याने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय ते मला कळलं नाही.

शिलकीतले पैसे पुरणार नव्हते, म्हणून एका सहकारी पेढीकडून कर्ज काढायचं ठरलं. मुक्कामाला येणाऱ्या त्या पाहुण्याचं नाव निघालं की आतोबांची झोप उडे. खरेदीखत लिहायला त्यांचा कुणावर भरवसा बसेना, म्हणून मसुदा त्यांनीच केला, आणि दस्तही बसून स्वतःच्या हाताने लिहिला. नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी होतो. ज्या टेबलामागे ते रोज बसत त्याच्यापुढे आज ते उभे होते, आणि सबरजिस्ट्रार साहेब कागद पुढे सारून सही मागत होते. आतोबांनी चष्मा पुसला आणि कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, साहेब, हे चतुःसीमेचं वाक्य संदिग्ध वाटतं. आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "ज्याने कुणी हे लिहिलंय त्याने हिस्सेदारांचा खुलासा नीट केलेला दिसत नाही."

साहेब शांत गृहस्थ होते. म्हणाले, "अक्षर तुमचंच आहे."

आतोबांनी अक्षराकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ज्या जागी लिहिली त्या जागी स्वतःचं नाव बघून त्यांनी उचललेली लेखणी पुन्हा खाली ठेवली. शेजारी राजव्वा अंगठ्याला शाई लावून केव्हाची तिष्ठत उभी होती. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, पुढे झाली आणि कागदावर अंगठा उठवला. मग मात्र आतोबांनी सही केली. भिवंडीला जायच्या दिवशी ती घराची किल्ली द्यायला वर आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं की सायेब, मागल्या दाराला त्याल घाला, कुरकुरतंय.

त्यानंतर आत्याने पितळी भांडी सोडली. ती चिंचेने घासून फळीवर मांडली आणि एका दिवसात भिंतीला इतके खिळे मारले की आतोबा कानावर हात ठेवून बाहेर जाऊन बसले. खालच्या खोल्या त्यांनी एका तरुण विणकर जोडप्याला दिल्या. असा घरमालक सोलापुरात झाला नसेल. भाडं सांगितल्यावर तो मुलगा मान डोलवू लागला तेव्हा आतोबांनीच त्याला बाजूला घेतलं आणि बजावलं की असं एकदम कबूल करायचं नसतं, गळतीचं कारण सांगून थोडं कमी करून घ्यायचं असतं. मग त्यांनीच ते कमी केलं. पहिला पाऊस आला, माळवद गळू लागलं, आणि आतोबा नेहमीसारखे टोपी घालून जिना उतरले. खाली त्या मुलाच्या मागापुढे जाऊन उभे राहिले. मुलगा घाबरून उठला. आतोबा थोडा वेळ तिथेच घुटमळले, "बैस, बैस," म्हणाले आणि वर आले. आता सांगायचं कुणाला, हा त्यांच्यापुढे खरोखरच प्रश्न होता.

त्याहून मोठा प्रश्न रविवारचा होता. घर असलेल्या माणसाला घर कोण दाखवतो? दलाल रस्त्यात भेटले की हसून पुढे जात. सल्ल्याला येणारेही कमी झाले, कारण आता घर घ्या म्हटलं तर घेतलेल्याचा तोरा वाटे, आणि नका म्हटलं तर पस्तावल्यासारखं दिसे. आतोबा रविवारी माडीच्या खिडकीशी बसून राहत. मी गेलो तर शाळेची चौकशी करत, ती संपली की गप्प. आत्या इतकी वर्षं ज्या नादाला कंटाळली होती, तो सुटल्यावर तिला घर खायला उठलं. एकदा मी गेलो तर ती चक्क ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. "अहो, उठा," आतोबांना म्हणाली. "रेल्वे लाइनीकडे एक घर निघालंय म्हणे. बघून येऊ. तूही चल रे." आतोबा तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत ती त्यांच्याबरोबर एकदाही आली नव्हती.

घर एका विधवा मास्तरीणबाईंचं होतं, लहानसंच, पुढे चाफा. आतोबांनी कामाला सुरुवात केली. भाडं की विक्री, कागद कुणाच्या नावावर, भिंत कुणाची, पाणी कुठलं. बाई उभ्या उभ्या उत्तरं देत होत्या, परीक्षेला बसवलेल्या पोरीसारख्या. आतोबा माळवद बघायला शिडीवर चढले, तेव्हा आत्याने बाईंना सहज विचारलं, "इथं तुमचे दिवस बरे गेले का हो?"

बाई पायरीवर बसल्या. आत्याही शेजारी बसली. मग त्या सांगत राहिल्या: मुलीचं लग्न याच अंगणात झालं, यजमानांचं दुखणं त्या समोरच्या सोप्यात काढलं, चाफा त्यांनीच लावला, पण तो फुलला ते गेल्यावर. आतोबा शिडीच्या मधल्या पायरीवर थांबले होते. ते ना वर गेले, ना खाली आले. बाईंचं बोलणं संपून त्यांनी आत्यापुढे कुंकवाचा करंडा ठेवेपर्यंत ते तसेच उभे होते. त्या दिवशी त्यांनी पसंत-नापसंत काही सांगितलं नाही.

 परत येताना वेशीपाशी आल्यावर ते म्हणाले, "इतकी घरं बघितली, पण हे कुणाला विचारलं नाही मी."

"तुमचं बाकीचं विचारून होईस्तोवर माणसं दमलेली असायची," आत्या म्हणाली.

 आतोबांनी बरोबर घेतलेली छत्री उघडली आणि भर रस्त्यात तिच्या डोक्यावर धरली. मी मुद्दाम चार पावलं मागे राहिलो. त्या काळी सोलापूरच्या रस्त्यावर असं कुणी करत नसे, दोन-तीन माणसं वळून बघत होती. आत्या संकोचून पदर सारखा करत होती, पण छत्रीखालून बाजूला झाली नाही. ऊन तर केव्हाच उतरलं होतं.